जालन्याच्या जिनातली समुद्री म्हैस

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गयासोद्दीनने चालत्या इंजिनात हात घातला. मिनिटाला सत्तर वेळा वरखाली होणाऱ्या पोलादी दांड्याला तळवा टेकवायचा, हात दांड्याबरोबर वर न्यायचा, बरोबर खाली आणायचा आणि काढून घ्यायचा. नवख्याने केलं तर कोपरापासून हात जाईल. गयासोद्दीनने हे काम सोळा वर्षं केलं होतं. दर अर्ध्या तासाला, ठरलेल्या सहा जागी. तळव्याला नुसती ऊब लागली तर ठीक. तळवा टेकवून ठेवणं जड गेलं तर तेल. टेकवताच आला नाही तर इंजिन बंद.

त्या सकाळी पुढच्या सिलिंडरखाली तळवा टेकवता आला नाही. त्याने हात कोरड्या फडक्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा झटक्याने काढला. मग तीन पावलं मागे जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. दहा फुटी चाक मंदावलं, पट्टा लोंबला, पलीकडच्या दालनातले कापसातून सरकी काढणारे चाळीस रेचे एकामागून एक गप्प झाले. कापूस घालणाऱ्या बायांमधून गोजरबाईचा आवाज आला, "झालं! बसली म्हैस!"

साल १९३४, महिना नोव्हेंबर. जालन्याच्या जिनांना वर्षातले हेच चार महिने. आवारात कापसाच्या सत्तावीस गाड्या उभ्या होत्या, बैल सोडलेले होते. बद्रीनाथशेठ धोतराचा सोगा धरून गादीवरून उठून आले. मालक असूनही इंजिनघरात ते चपला बाहेर काढून येत.

"गयासमियाँ, अकरा दिवसांत तिसऱ्यांदा!"

"बूट तापलाय, शेठजी. चालू ठेवलं असतं तर चिकटला असता. मंग दांडाच वाकला असता."

"किती वेळ?"

"थंड व्हायला दोन तास. घासून बसवायला अजून दीड."

शेठनी आवारातल्या गाड्यांकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाले, "शनिवारी मुंबईहून तेलाच्या इंजिनवाला माणूस येऊन राह्यलाय. कागद संगट आणतोय. तवर ह्यानं अजून एकदा दम टाकला, तर मी सही करणार. आन् हे धूड तोडून वजनावर विकणार. बराबर आहे का न्हाई?"

गयासोद्दीन "बराबर" म्हणाला. तेलाच्या इंजिनाजवळ वाफेचा माणूस लागत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. इंजिन गेलं की त्याचंही काम गेलं. चाळीस वर्षांच्या, गुडघे धरलेल्या माणसाला दुसरं काम जालन्यात कोण देणार? पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात आधी दुसरी गोष्ट आली. हे इंजिन भंगारात जायच्या लायकीचं नाही, हे जालन्यात फक्त त्यालाच ठाऊक होतं. जिनात यायच्या आधी अठरा वर्षं तो याच इंजिनाच्या नोकरीत होता. समुद्रावर.

गयासोद्दीन घनसावंगीचा, घराणं पिंजाऱ्याचं. तीन भाऊ आणि कापूस पिंजायची कमान एक. १९१२ साली, अठराव्या वर्षी, मुंबईच्या गोदीत बोटीच्या भट्टीवर आगवाला असलेल्या गावच्याच एका माणसामागे तो निघून गेला. दोन वर्षं वखारीत कोळसा वाहिला आणि मग एका टगावर चढला. टग म्हणजे दुसऱ्या जहाजांना ओढून नेणारी बोट. तिच्या नाकावर 'स्टॉलवर्ट' असं नाव रंगवलेलं होतं. खलाशी तिला म्हैस म्हणत.

नाव शोभून दिसायचं. बंदरातल्या बंदरात मोठ्या जहाजांना ढकलणारे टग वेगळे. ही खुल्या समुद्रात जायची. कराची, एडन, कोलंबो. लांबीला एकशे दहा फूट, रुंदीला चोवीस, आणि पाण्याखाली तेरा फूट खोल. नाक उंच, कारण लाट समोरून घ्यायची. मागची बाजू मात्र इतकी ठेंगणी की जरा समुद्र उसळला की फळ्यांवरून पाणी वाहायचं. ती मुद्दाम तशी ठेवलेली होती. ओढायचा दोर तिथून मागे जायचा, तो कशातही अडकता कामा नये. त्याचसाठी मागच्या अंगाला आडव्या लोखंडी कमानी होत्या. दोर त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे सरकत राहायचा आणि त्याच्या वाटेत उभा राहिलेला माणूस समुद्रात जायचा.

दोर बांधायचा आकडा शेपटाला नसून बोटीच्या मध्याच्या जरा मागे होता. गावाकडचे लोक हे ऐकून हसत. शेपटाला बांधलं तर बिघडतं काय? गयासोद्दीन त्यांना सांगायचा, "शेपूट धरलेली म्हैस वळती का? न्हाई वळत. तिला मधे धरा, मंग बघा कशी गर्रकन तोंड फिरवती." मागे पाचपट वजनाचं जहाज लोंबत असताना वळता आलं नाही तर ते जहाजच टगाला आडवं पाडतं.

बाकीची बोट म्हणजे कोळसा, बॉयलर आणि इंजिन. उरलेल्या जागेत अठरा माणसं. इंजिन दोन सिलिंडरांचं, उभं. वाफ आधी लहान सिलिंडरात काम करायची, मग उरलेला जोर मोठ्यात खर्च करायची. पाण्याखालचा पंखा नऊ फुटांचा आणि संथ. म्हैस पळायची नाही. मोकळी असताना ताशी दहा मैल, ओढताना तीन किंवा चार. पंख्याचा दांडा तुटलेलं एक मालजहाज तिने वेरावळहून मुंबईला चार दिवसांत आणलं. गाळ काढायचं एक अवजड यंत्र कराचीला पोचवायला अकरा दिवस लागले, वाटेत दोर दोनदा तुटला. १९१६ साली लढाईच्या सामानाचे पडाव, म्हणजे बिनइंजिनाच्या सपाट नावा, ओढत ती बसऱ्याला गेली आणि तिथे सव्वा वर्ष राहिली. दुसऱ्याचं जहाज धक्क्याला लागलं की दोर सोडायचा, कोळसा भरायचा आणि पुढच्याच्या वाटेला लागायचं, असं तिचं आयुष्य.

गयासोद्दीनने तिच्यावर आधी कोळसा ओढला, मग भट्टीत टाकला, आणि तिसऱ्या वर्षी गोऱ्या इंजिनियरने त्याच्या हाती तेलाची बुधली दिली. तळव्याने ताप ओळखायला त्यानेच शिकवलं. त्या इंजिनियरचा एक नियम होता आणि तो कप्तानालाही पाळावा लागे. इंजिन उलटं चालवायचं ते फार तर दहा मिनिटं. अकरावं मिनिट तो कोणाला देत नसे.

कारण बुटात होतं. पिस्टनचा दांडा जिथे खालच्या दांड्याला जोडलेला असतो, तिथे पितळेचा एक जाड ठोकळा असतो. त्याला बूट म्हणत. तो उभ्या लोखंडी पाटावर वरखाली घसरतो. इंजिन पुढच्या चालीत असलं की बुटाचा सगळा भार मागच्या पाटावर येतो, आणि तो पाट सोळा इंच रुंद आहे. चाल उलटी केली की भार दुसऱ्या अंगाला जातो. तिथे पाट नाहीच. बूट निसटू नये म्हणून दोन बाजूंना दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या आहेत, एवढंच. बोट बांधणाऱ्यांनी हिशोब सरळ ठेवला होता. टगाला माघार घ्यावी लागते ती धक्क्याला लागताना, मिनिट दोन मिनिटं. तेवढ्यासाठी रुंद पाट कशाला?

१९३२ साली म्हशीच्या बुडाचे पत्रे झिजून कागदासारखे झाले आणि मालकांनी तिला मोडीत काढलं. मुंबईच्या दारूखान्यात, जुन्या बोटी मोडतात त्या बंदरात, ती तोडली गेली. गयासोद्दीन गुडघे धरून घनसावंगीला परतला. दोन वर्षांनी त्याला एक कार्ड आलं. जालन्याच्या बद्रीनाथशेठच्या जिनाचं जुनं इंजिन फुटलं होतं आणि शेठच्या माणसाने दारूखान्यात पडून असलेलं एक बोटीचं इंजिन घेतलं होतं. तिथल्या कारकुनाने सांगितलं की ह्याला तेल घालणारा तुमच्याच मुलखातला आहे.

तो जालन्याला पोचला तेव्हा इंजिन उभं राहिलेलं होतं. तीन वाघिणी भरून ते मनमाडला आलं, तिथे मोठ्या रुळांवरून उतरवून लहान रुळांच्या गाडीत चढवलं गेलं. बॉयलर मुंबईतच राहिला, जिनाचा स्वतःचा होता. वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणारी टाकीही आणली नव्हती. तिला समुद्र लागतो. जालन्यात कुंडलिका नदी आहे. म्हणून वाफ छपरातून बाहेर सोडली होती आणि इंजिन अर्ध्याहून कमी जोरावर चालत होतं. चाळीस रेचे आणि एक तेलघाणी ओढायला तेवढं पुष्कळ होतं. मोठ्या सिलिंडरच्या पत्र्यावर एक पोचा होता. बसऱ्याच्या उन्हाळ्यात गयासोद्दीनच्याच हातून पाना निसटून पडला होता तिथे. त्याने पोच्यावरून अंगठा फिरवला आणि कोणाला काही न सांगता तेलाची बुधली मागितली.

इंजिन पहिल्यांदा चाललं ते खंडेनवमीला. चाकाला झेंडूची माळ, कोनाड्यात गणपती, दारात शेठ, त्यांच्यामागे सगळं जिन. धर्मराज मिस्त्रीने वाफ सोडली आणि चाक फिरलं, पण दारातून बघणाऱ्याला ते डावीकडे फिरताना दिसलं.

"थांबवा!" शेठ म्हणाले. "अपसव्य फिरून राह्यलंय."

जुन्या इंजिनाचंच चाक या इंजिनाला बसवलं होतं आणि ते वीस वर्षं सव्य फिरलं होतं, देवाला प्रदक्षिणा घालतात तसं. दसऱ्याच्या तोंडावर ते उलटं फिरलेलं शेठना चालणार नव्हतं, आणि जिनातल्या कोणालाच चाललं नसतं. धर्मराज हुशार मिस्त्री. त्याने एक दांडी दुसऱ्या अंगाला टाकली. "बोटीचं इंजिन हाय, शेठजी. दोन्हीकडून फिरतंय." चाक उजवीकडे फिरू लागलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पट्टे त्याच चालीला लावले गेले.

गयासोद्दीन बुधली घेऊन उभा होता. "शेठजी, ही तर तिची माघारीची..." एवढं तो बोलला. मग आरती सुरू झाली. आरतीत मधे बोलणं बरं दिसलं नसतं. नंतर दोन दिवस काही तापलं नाही, आणि न तापलेल्या गोष्टीची तक्रार कशी करायची? आठव्या दिवसापासून तळव्याला कळू लागलं. तोवर तो नवा माणूस होता आणि मिस्त्री जुना.

अशा रीतीने मुंबईची म्हैस महिनाभर जालन्यात मागे मागे चालत होती.

त्या गुरुवारी बाराच्या सुमाराला नूरबी भाकरी घेऊन आली. इंजिनघराच्या पश्चिमेला, भिंतीलगत कडुलिंबाची सावली होती. बाया तिथेच जेवायला बसत. नूरबीने फडकं सोडलं आणि नवऱ्याचा तळवा उलटा करून पाहिला.

"आज फिर बंद?"

"बूट तप गया."

"कायकू तप रा, तुमकू मालूम है ना?"

"मालूम है."

"फिर शेठकू बोले?"

"पूजा के दिन बोलने लगा था..."

"पूजा होके महिना हुआ." तिने ठेचा भाकरीवर जरा जास्तच जोराने ठेवला. "बसरेमें गोरे साबके मुँहपे बोला, बोलके मेरेकू दस बार सुनाए. जालने के शेठकू बोलने में क्या जबान जलती?"

चार हात पलीकडे बसलेली गोजरबाई हसली. वीस वर्षं ती रेच्यावर होती आणि तिच्या बोलण्याला जिनात कोणी आडकाठी करत नसे. "बराबर बोलली बाई तू, नूरबी! आन् गयासभाऊ, ते चाकाचं काय कौतिक सांगता हो? म्हणं शेठच्या दारातून सव्य फिरतंय. जरा आमच्या खिडकीतून बघा की! हिकडून उलटंच फिरतंय. जुनं व्हतं तेबी उलटंच. रोज अपसव्य चाकाच्या तोंडापुढं बसून भाकर खातो आम्ही. मंग आमचं कशाला बरं व्हतंय!"

बाया हसल्या. गयासोद्दीन हसला नाही. त्याने तोंडातला घास गिळला, उठला आणि भिंतीतल्या गजांच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. थांबलेलं चाक तिथून पुरतं दिसत होतं. त्याने हवेत बोटाने एक फेरा काढला, मग दुसरा.

"खाना?" नूरबी म्हणाली.

"ढाँक के रख."

धर्मराज मिस्त्री इंजिनापाशी गुडघ्यांवर बसून काढलेला बूट घासत होता. गयासोद्दीन त्याच्या शेजारी बसला. "मिस्त्री, ह्या पट्ट्या बघा."

"बघूनच राह्यलोय. निळ्या पडल्यात."

"आता मागच्या पाटाला हात लावा."

धर्मराजने लावला. पाट गार होता. तेल त्याच्यावर तसंच होतं, आणि तेलाखाली घासणीच्या बारीक नागमोडी खुणा शाबूत होत्या. महिनाभरात त्या पाटावर भारच पडलेला नव्हता. धर्मराजने एक हात पाटावर आणि दुसरा पट्टीवर ठेवला. तो आयुष्यभर जिनाच्या आडव्या इंजिनांवर वाढलेला माणूस. त्यांत बूट दोन्ही अंगांना सारखाच टेकतो. पण हात ठेवल्यावर त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"सगळा भार ह्या दोन बोटांवर?"

"दसऱ्यापासून."

"हे मला त्याच दिवशी का न्हाई सांगितलं, मियाँ?"

"सांगणार व्हतो. तुम्ही नारळ फोडून राह्यलते."

धर्मराजचं तोंड उतरलं. तो बूट घासत राहिला. मग म्हणाला, "इंजिन सरळ केलं तर रेचे उलटे फिरतील. पट्टा मधे पिळून फुलीचा करावा लागंल. त्याला हातभर चामडं जास्त लागतंय. आन् फुलीवर पट्टा पट्ट्याला घासतो, जल्दी झिजतो."

"झिजू द्या. पट्टा जालन्यात शिवता येतो. असला बूट जालन्यात वतता येत न्हाई."

"ते खरं," धर्मराज म्हणाला. "पण शेठ? चाक उलटं फिरलेलं दारातून दिसलं की ते अपशकुन म्हणून अडून बसतील."

"दारातूनच बघितलं तर."

अडीचला इंजिन पुन्हा सुरू झालं, त्याच माघारीच्या चालीत, अर्ध्याच रेच्यांवर. गयासोद्दीन गादीपाशी गेला. "शेठजी, दोन मिनिटं माझ्या संगट चला. जिनात न्हाई, मागच्या अंगाला."

शेठ लिंबाखालून खिडकीशी आले. गजांमधून त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे उलटं का केलं? कोणी केलं?"

"कोणी न्हाई केलं. चाक तेच हाय, चाल तीच हाय. तुम्ही हिकडं आलात."

शेठ खिडकीतून बघत राहिले. मग वळसा घालून पूर्वेच्या दारात गेले, तिथून पाहिलं, आणि पुन्हा खिडकीशी आले.

"म्हणजे इतकी वर्षं बायांच्या अंगानं हे अपसव्यच?"

"तर!" आतून गोजरबाई म्हणाली. रेच्यांच्या आवाजात तिला हे कसं ऐकू गेलं, कोण जाणे.

मग गयासोद्दीन बोलला, आरतीच्या दिवशी राहिलेलं सगळं. सोळा इंचांचा पाट, दोन बोटांच्या पट्ट्या, दहा मिनिटांचा नियम. "शेठजी, जनावर मागं चालतं, पण औताला जुंपून मागं चालवत न्हाई कोणी. तिला सरळ केलं तर ह्या खिडकीतून सव्य दिसंल, त्या दारातून उलटं."

"पण पूजा त्या दारात झालीय."

"मंग दार हिकडं आणा," गोजरबाई म्हणाली. ती आता रेचा सोडून खिडकीच्या आतल्या अंगाला येऊन उभी होती. "आम्हालाबी रोज वळसा पडतो. गणपती हिकडच्या कोनाड्यात बसवा, हिकडून पाया पडा. देवाला काय, भिंत कोणती बी चालती."

"तू रेच्यावर जा," शेठ म्हणाले, पण रागावून नाही. त्यांनी गयासोद्दीनकडे पाहिलं. "शनिवारी दिवसभर चालंल? सात ते सहा?"

"चालंल."

"आन् तापलं तर?"

"तर तुम्ही त्या कागदावर सही करा. मी स्वतः दौत आणून देतो."

शुक्रवारी जिन बंद असतं. सकाळी गवंड्याने पश्चिमेच्या खिडकीखालची भिंत जमिनीपर्यंत काढली आणि दुपारी तिथे चौकट बसली. पूर्वेच्या दाराला आतून आडणा घातला गेला. शेठनी भटजींना विचारून गणपती समोरच्या कोनाड्यात नेला. धर्मराजने पट्ट्याला हातभर चामडं जोडलं; टाके घालायला चांभार बोलावला होता, पण प्रत्येक टाका तो स्वतः ओढून बघत होता. पट्टा पिळून चढवला तेव्हा तीन माणसं लागली. गयासोद्दीनने दिवसभर एकच काम केलं. मागचा पाट पुसला, त्यावरच्या घासणीच्या खुणा बोटाने तपासल्या, बूट त्यावर बसवला आणि मधे कागदाचा कपटाही शिरत नाही हे पाहिलं. मग दांडी पुढच्या चालीवर टाकली आणि सुतळीने बांधून ठेवली, कोणी हलवू नये म्हणून.

शनिवारी सातला भोंगा झाला. चाक फिरलं. नव्या दारात उभ्या असलेल्या शेठना ते सव्य दिसलं. त्यांनी हात जोडले आणि गादीवर जाऊन बसले. पट्टा फुलीपाशी किरकिरत होता. धर्मराजने राळ टाकली, तसा तो गप्प झाला.

साडेसातला गयासोद्दीनने पहिला हात घातला. आठला दुसरा. साडेनऊला तेलाच्या इंजिनवाला माणूस स्टेशनहून टांग्यातून आला. टोपी, चामडी पिशवी, बोलणं स्वच्छ पुणेरी. त्याला गादीवर चहा मिळाला आणि मग तो इंजिनघरात आला. त्याने इंजिनाभोवती एक चक्कर मारली, कारखान्याचं नाव असलेली पितळी पाटी वाचली आणि टोपी काढून बगलेत धरली.

"ही टगाची मशीन ना? जालन्यात कशी?"

"रेल्वेनं," गयासोद्दीन म्हणाला.

दहा वाजून वीस मिनिटांनी शेठ स्वतःहून येऊन उभे राहिले. त्यांना वेळ लक्षात होती. गयासोद्दीनने हात घातला, दांड्याबरोबर वर नेला, खाली आणला, परत वर नेला. काढायची घाई केली नाही.

"किती?" शेठनी विचारलं.

"ऊब हाय. दुधावानी."

"कोणतं दूध? चुलीवरचं का?"

"न्हाई शेठजी. धारोष्ण. म्हशीचं."

धर्मराज पहिल्यांदा हसला. तेलाच्या इंजिनवाल्याने पाटाच्या मागच्या अंगाला हात लावून पाहिला. त्यानंतर त्याने पिशवी उघडली नाही.

दुपारी बाराला बाया नव्या दारातून बाहेर पडल्या आणि पंचवीस पावलं वाचल्याचं गोजरबाईने मोजून सांगितलं. नूरबीने आदल्यापेक्षा बारीक वाटलेला ठेचा आणला. तिने विचारलं, "बोले?" तो म्हणाला, "बोला." तिने एवढ्यावर विषय सोडला आणि त्याच्या पानात दुसरी भाकरी टाकली. एकला, दीडला, दोनला तळवा टेकतच होता. चारला वाफ जरा वाढवून शेठनी तेलघाणीही जोडायला लावली. साडेचारला बूट तेवढाच उबदार. पाचला तेवढाच. गयासोद्दीनच्या लक्षात आलं की आज त्याने बुधली सकाळपासून दोनदाच भरली आहे. आदल्या आठवड्यात ती सात वेळा रिकामी होत होती.

सहाला त्याने वाफ बंद केली. चाक आपल्या वजनावर आणखी काही फेरे फिरलं आणि थांबलं. गुडघे ठणकत होते. त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि दारातल्या उंबऱ्यावर बसला. चुन्याचा वास अजून ओला होता.

आवारात तेलाच्या इंजिनवाला टांग्यात चढत होता. शेठ त्याला म्हणाले, "कागद ठेवून जा, वाचीन. सही मात्र ह्या साली न्हाई."

"शेठजी, चालतं इंजिन काढा म्हणून मी कोणाला सांगत नाही," तो म्हणाला. "माझीच किंमत जाते." टांगा वळला.

शेठ उंबऱ्यापाशी आले. गयासोद्दीन उठू लागला, तसा त्यांनी हाताने बसवला. "गयासमियाँ, तीन दिवसांच्या गाड्या मी अंबड नाक्यावर अडवून ठेवल्यात. म्हटलं, इंजिनाचा भरोसा न्हाई तवर कशाला आणा. आता निरोप धाडू का?"

"धाडा."

"किती ओढंल उद्या?"

"जितक्या आणाल तितक्या. दहाव्या मिनिटाला तिला थांबवायचं काम आता राह्यलं न्हाई."

शेठनी मुनीमजीला हाक मारली आणि माणूस सायकलवर अंबड नाक्याकडे गेला. उद्या रविवार. या जिनाला सुट्टी शुक्रवारची असते, रविवारची नसते. पहाटे सव्वापाचला बॉयलर पेटेल, साडेसहाला अंबडकडच्या एकतीस गाड्यांपैकी पहिली वजनाच्या काट्यावर चढेल, आणि सातला भोंगा होईल.